हौदाला सवड द्या

गांधीबागच्या कापड बाजारामागे आमची गल्ली आहे. तिथल्या बहुतेक घरांतली मुलं माझ्या सांदवाडीतला हौद ओळखतात. शाळा सुटली की दप्तर पाठीवर तसंच ठेवून दोन-चार जण तरी येतात, काठाशी उकिडवे बसतात आणि पाण्यात बघत राहतात. त्यांना न्यायला तुम्ही येता, पण दारातच थांबता. चहाला बोलावलं तरी आत येत नाही. परवा एका आईनं मनातलं बोलून टाकलं. "काकू, एवढं पाणी साचवून ठेवलं तुम्ही, डास नाही का होत? आमच्या पोराला मागच्या पावसाळ्यात डेंग्यू झाला होता. आठ दिवस दवाखान्यात होतो जी. मला तर साचलेलं पाणी दिसलं का धडकीच भरते."

तिची धडकी खरी आहे. दारात उभ्या उभ्या दोन वाक्यांत तिला उत्तर देणं मला जमलं नाही, म्हणून आज तुम्हा सगळ्यांशीच निवांत बोलते.

आधी डासांचंच बोलू. डेंग्यू पसरवणारी एडिस डासाची मादी अंडी घालायला लहानशा भांड्यातलं, सावलीतलं, बऱ्यापैकी स्वच्छ पाणी शोधते. नागपुरात तिच्या सोयीची जागा घरोघरी खिडकीला टांगलेली असते. ती म्हणजे कूलरची टाकी. मे महिन्यात कूलर दिवसरात्र चालतो. जूनमध्ये पाऊस आला की आपण बटण बंद करतो आणि तळाचं पाणी तसंच राहतं. त्या पाण्यात वनस्पती नाही, किडा नाही, बेडूक नाही. डासाच्या अळीला खाणारं तिथं कुणीच नसतं, त्यामुळे आठ-दहा दिवसांत अंड्याचा डास होऊन उडतो. पाणी ओतून दिलं तरी अंडी टाकीच्या भिंतीला चिकटून राहतात, कोरडी कित्येक महिने टिकतात आणि पुन्हा पाणी लागलं की फुटतात. म्हणून कूलर नुसता रिकामा करून भागत नाही, आतून घासावा लागतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीबरोबर आपण रोगराई गावाबाहेर धाडतो ना, डेंग्यूचे दिवसही तेच. तोवर ज्यांचा कूलर घासून झाला नसेल त्यांनी माझ्या हौदाची काळजी नंतर करावी. कुंडीखालच्या ताटल्या, गच्चीवरचा जुना टायर, फ्रिजमागचा ट्रे, हेही बघा.

हौदातलं पाणीही साचलेलंच आहे, पण तिथं डासाच्या अळीला घाबरून राहावं लागतं. तळाशी चतुराच्या अळ्या दबा धरून असतात. पाठीवर उताणे पोहणारे किडे वरून येतात. पाण्याच्या पृष्ठावर निवळ्या धावत असतात. डासाची अळी श्वास घ्यायला वर आली की यांतलं कुणीतरी तिला गाठतं. अशा पाण्यात डास अंडी घालतच नाही असं मी म्हणणार नाही. घालतो, पण त्या अंड्यांचे डास होणं फार अवघड असतं.

ही फौज मी विकत आणून सोडलेली नाही. ती आपली आपण आली. मात्र त्याआधी मी तिला तीनदा मारलं होतं.

हौद माझ्या सासऱ्यांच्या काळातला, सिमेंटचा. लांबी चार फूट, रुंदी तीन फूट, खोली दोन फुटांना थोडी कमी. नळ ठरावीक वेळी यायचा तेव्हा पाणी भरून ठेवायला बांधलेला. पुढे गच्चीवर प्लॅस्टिकची टाकी बसली आणि हौदात मोडक्या बादल्या साठू लागल्या. नातू झाला तेव्हा वाटलं, याचं तळं करावं. मी मोठ्या हौसेनं सहा सोनेरी मासे आणले. डासांसाठी म्हणून पिशवीभर गप्पी मासेही आणले. मुलं येता-जाता बिस्किटं आणि मुरमुरे टाकत. पंधरा दिवसांत पाणी वाटलेल्या पालकासारखं हिरवं झालं आणि वास येऊ लागला. मी मासे बादलीत काढले, हौद उपसला, ब्लीचिंग पावडरनं घासला आणि नळाच्या पाण्यानं भरला. दोन दिवस पाणी काचेसारखं दिसलं. आठवड्याभरात पुन्हा हिरवं. असं तीनदा झालं. तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवूनही हिरवं पाणी म्हणजे घाण आणि घाण म्हणजे घासणं, एवढंच मला सुचत होतं.

हिरवेपणा कशाचा, ते समजून घ्या. ते डोळ्यांना सुटं न दिसणारं बारीक शेवाळ आहे, लक्षावधी एकपेशीय वनस्पती. त्यांना ऊन लागतं आणि खत लागतं. खत आपणच देतो. कुजलेलं बिस्किट आणि माशांची विष्ठा यांतला नायट्रोजन आणि फॉस्फरस शेवाळाला आयता मिळतो. आता हे शेवाळ खाणारे जीवही निसर्गात आहेत. पाणपिसू म्हणजे टाचणीच्या डोक्याएवढा, उड्या मारत पोहणारा जीव, हिरवं पाणी गाळून पोट भरतो. पण सोनेरी माशांना आणि गप्पींना पाणपिसवा फार आवडतात. उरल्यासुरल्या माझ्या ब्लीचिंगनं मेल्या. म्हणजे शेवाळाला खाऊ मी घालत होते आणि शेवाळ खाणाऱ्यांना मीच संपवत होते. हौद दर वेळी पहिल्या दिवसावर येत होता.

चौथ्या वेळी मासे मी मोठी टाकी असलेल्या एका ओळखीच्या घरी दिले. गांधीसागर तलावात किंवा नाल्यात सोडले नाहीत, आणि तुम्हीही कधी सोडू नका. गप्पी मूळचा दक्षिण अमेरिकेतला, आणि त्याच्यासारखाच डासांसाठी सोडला जाणारा गंबुशिया मासा उत्तर अमेरिकेतला. डास खातात म्हणून त्यांना शंभरएक वर्षांपूर्वी आपल्याकडे आणलं. ते डासांच्या अळ्या खातात हे खरं. पण गंबुशिया बेडकांची अंडी आणि कोवळी पिल्लंही सोडत नाही, आणि आपल्या देशी लहान माशांना दोघंही डोईजड होतात. जिथं दुसरं काहीच जगणार नाही अशा बंदिस्त टाक्यांत त्यांचा उपयोग असेल. मुलांसाठी तळं करायचं तर त्यात मासा नको, असं माझं स्पष्ट मत आहे.

मग तळाशी धुतलेली रेती घातली. एका कोपऱ्यात विटांची उतरंड रचली, आत पडलेल्या खारीला किंवा बेडकाच्या पिल्लाला चढून बाहेर येता यावं म्हणून. जून संपता संपता छताच्या पन्हळीचं पाणी हौदात वळवलं. रामटेकच्या वाटेवरच्या एका गावतळ्यातून मूठभर हायड्रिला आणि कुमुदाचा एक कंद आणला. त्या मुठीबरोबर काय काय आलं असेल ते मला तेव्हा दिसलं नाही. आणि मग मी हात बांधून बसले. सगळ्यांत अवघड काम तेच होतं.

पहिल्या आठवड्यात पाणी हिरवं झालं. दुसऱ्या आठवड्यात डासांच्या अळ्या दिसल्या. इथं मात्र मी स्वस्थ बसले नाही, आणि तुम्हीही बसू नका. पहिले पाच-सहा आठवडे हौद पोरका असतो, राखणदार अजून आलेले नसतात. दर तिसऱ्या दिवशी चहाच्या गाळणीनं अळ्या काढून उन्हात तव्यावर पसरत होते. ज्याला हे जमणार नाही त्यानं तळं करू नये. घरात तान्हं बाळ किंवा नुकताच डेंग्यूतून उठलेला माणूस असेल तर एक वर्ष थांबावं.

तिसऱ्या आठवड्यात हिरव्या पाण्यात उड्या मारणारे ठिपके दिसले. पाणपिसवा आल्या होत्या, बहुधा त्या मुठीबरोबरच. एका रात्रीच्या पावसानंतर निवळ्या हजर. पाण्यातल्या पुष्कळ किड्यांना पंख असतात, ते रात्री उडत नवी तळी शोधतात. मग एका दुपारी पिवळसर चतुर आला आणि शेपटीचं टोक पाण्याला टेकवत टेकवत गेला. मुलं ओरडली, "आजी, तो पाणी पितोय!" ती मादी होती, अंडी घालत होती. हायड्रिला तोवर हातभर वाढली होती आणि शेवाळाच्या वाट्याचं खत ती खात होती. सहाव्या आठवड्यात एका सकाळी तळाची वीट दिसली. अळ्या गाळण्यापलीकडे मी पाण्याला हातही लावला नव्हता.

तो पिवळसर चतुर बहुतेक पँटाला असावा, पावसाळ्याअखेरी मैदानांवर थव्यानं घिरट्या घालतो तो. पावसाच्या साध्या डबक्यात त्याची अळी महिना-दीड महिन्यात वाढते. मालदीवमध्ये राहणारे जीवशास्त्रज्ञ चार्ल्स अँडरसन यांनी २००९ मध्ये मांडलं की हे चतुर पावसामागच्या वाऱ्यावर भारतातून मालदीवमार्गे समुद्र ओलांडून पूर्व आफ्रिकेपर्यंत जातात. मी मुलांना भिंतीवरच्या नकाशात ती वाट बोटानं दाखवली. तेव्हापासून विटेवर सोडलेली चतुराची रिकामी कात सापडली की ती काडेपेटीत घालून घरी नेली जाते. तुमच्या कपाटात अशी काडेपेटी सापडली तर कृपा करून टाकू नका.

आता ज्या प्रसंगासाठी मी हे सगळं बोलते आहे, तो सांगते.

दुसऱ्या वर्षी पहिल्या मोठ्या पावसाच्या रात्री भेक आले. खरबरीत कातडीचे, अंगणात दिव्याखाली किडे टिपतात तेच. सकाळी हायड्रिलाभोवती काळ्या मण्यांच्या लांबच लांब माळा गुंडाळलेल्या होत्या. ही त्यांची अंडी. चार दिवसांत हौद काळ्या वळवळत्या पिल्लांनी भरला. मुलं वेडी झाली. एक सात वर्षांची मुलगी रोज येऊन मोजायचा प्रयत्न करायची. एका दुपारी तिनं पाहिलं की तळाशी बसलेल्या चतुराच्या अळीनं जबडा झपकन पुढे फेकला आणि एक पिल्लू धरलं. मुलगी किंचाळली. रडत घरी गेली आणि आईला घेऊन आली. आई मला म्हणाली, "काकू, तो किडा काढून टाका ना. ती जेवत नाही आहे."

आईचं काय चुकलं? काहीच नाही. लेकरू रडलं की आपला हात आपोआप पुढे जातो. मीही अळी काढायला वाकलेच होते. पण काढून तिला टाकायचं कुठं? आणि तिच्यामागे आणखी पाच-सहा होत्या, त्यांचं काय? मी मुलीला शेजारी बसवून म्हटलं, "माळेत मणी किती होते?" ती म्हणाली, "खूप." भेकाची एक मादी हजारोंनी अंडी घालते. आमच्या चार फुटांच्या हौदात ती सगळी जगली असती तर दोन आठवड्यांत खायला काही उरलं नसतं, पाणी नासलं असतं आणि एकही बाहेर पडलं नसतं. चतुराच्या अळीनं काही खाल्ली, पाणकिड्यांनी काही खाल्ली, काही आपोआप मेली आणि त्यांना गोगलगायींनी खाल्लं. उरलेल्यांना जागा मिळाली. आणि याच अळीनं डासांची पिल्लं खाल्ली म्हणून तुझ्या घरी रात्री कासवछाप कमी जळतेय, हेही सांगितलं.

तिला तेव्हा पटलं नाही. ती चार दिवस आलीच नाही. पाचव्या दिवशी आली, लांब उभी राहिली, मग हळूहळू जवळ आली. महिन्याभरानं विटांच्या उतरंडीवर करंगळीच्या नखाएवढी भेकाची पिल्लं बसलेली तिनंच आधी पाहिली. पावसात ती एकेक करून भिंतीच्या फटीकडे निघाली. सोळा मोजली तिनं. तिच्या आईनं त्या दिवशी पहिल्यांदा आत येऊन चहा घेतला.

आपल्या मुलांना चतुराची भूक आणि पिल्लाचं मरण, दोन्ही दिसू द्या. रडू आलं तर रडू द्या, शेजारी बसा. पण त्यांचं रडणं थांबावं म्हणून तळ्यात हात घालू नका.

उन्हाळ्याचं थोडं सांगायला हवं, कारण नागपुरात तळ्याची खरी परीक्षा तेव्हाच. मेच्या अखेरीस नवतपा लागतो, पारा ४५-४६ अंशांवर जातो. पाणी तापलं की त्यात प्राणवायू कमी मावतो. २५ अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ८ मिलिग्रॅम, तर ३५ अंशांना ७ मिलिग्रॅमच्या आसपास. वनस्पती दिवसा प्राणवायू सोडतात, पण रात्री त्याही आपल्यासारख्याच तो वापरतात, त्यामुळे पहाटे पाण्यात तो सगळ्यांत कमी असतो. म्हणून कुमुदाची पानं हौदाचा अर्धाअधिक भाग झाकतील एवढी वाढू देते, दुपारी वरून हिरवी जाळी बांधते आणि आटलेलं पाणी रोज थोडं थोडं घालते. नळाचं पाणी एक दिवस उघड्या बादलीत ठेवून, म्हणजे त्यातला क्लोरीन उडून जातो. वर्षातून एकदा, पावसाळ्याआधी, एक तृतीयांश हायड्रिला काढते आणि रात्रभर काठावरच ठेवते. तिच्यात अडकलेले जीव पाण्यात परततात. याहून जास्त मी काही करत नाही.

हाच नियम मोठ्या पाण्यालाही आहे. गांधीसागर आपल्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर. जुना जुम्मा तलाव, शुक्रवारी तलाव, गोंड राजा चांद सुलतान याच्या काळापासूनचा. कधी काळी शहराला पाणी पाजणाऱ्या या तलावात सांडपाणी आणि निर्माल्य जातं तेव्हा माझ्या हौदात बिस्किटं पडून जे झालं तेच तिथं होतं. आधी हिरवं पाणी, मग एखाद्या ढगाळ पहाटे पृष्ठावर तोंड काढून धापा टाकणारे मासे. रविवारी मुलांना काठावरच्या रमण विज्ञान केंद्रात नेता ना, तेव्हा येताना दहा मिनिटं तलावाशी थांबा. हौद पाहिलेलं मूल तिथं तुम्हाला काय ते स्वतःच सांगेल.

बिघडलेलं पाणी सावरतं, हे मी हौदापुरतंच म्हणत नाही. आपल्या पूर्वेला भंडारा-गोंदियात कोहळी लोकांनी बांधलेले शेकडो वर्षांचे मालगुजारी तलाव आहेत. तिथं बेशरम नावाची तणवनस्पती माजली, पाण्यातल्या देशी वनस्पती गेल्या आणि त्यांच्याबरोबर देशी मासेही घटले. मनीष राजनकर यांनी मासेमारी करणाऱ्या ढिवर समाजातल्या जुन्या जाणत्या माणसांना विचारून काम सुरू केलं, पुढे शालू कोल्हे यांच्यासारख्या ढिवर बायांनी ते गावोगाव नेलं. बेशरम उपटायची, उन्हाळ्यात कोरड्या पडलेल्या काठाची जमीन नांगरायची, पाऊस लागला की हायड्रिलासारख्या पाणवनस्पती लावायच्या. मासे त्या वनस्पतींमागे परत आले. कुठल्या माशाला कुठली वनस्पती लागते हे ज्ञान जाळं टाकणाऱ्या माणसांकडे होतंच. विचारायला कुणी गेलं नव्हतं.

एका गोष्टीत मात्र सवड नाही. लहान मूल वीतभर पाण्यातही बुडू शकतं, घरातल्या बादलीतही. माझ्या हौदावर लोखंडी चौकटीची जाळी आहे, आणि मी घरात नसेन तेव्हा तिला कुलूप असतं. पाच वर्षांखालचं मूल मोठ्या माणसाशिवाय काठाशी बसत नाही, हा नियम मी माझ्या नातवासाठीही मोडला नाही. पाण्यात हात घातला की साबणानं धुवायचा, हातावर जखम असेल तर घालायचाच नाही. तळं करायचं असेल तर जाळीचा खर्च आधी धरा, कुमुदाचा नंतर.

फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांना वाटेल, हे सांदवाडीवाल्यांचे लाड आहेत. गॅलरीत प्लॅस्टिकचा टब ठेवूनही हे होतं, फक्त दुपारचं ऊन टाळा आणि जाळी तिथंही हवी. भेक तिसऱ्या मजल्यावर येणार नाहीत, पण चतुर येतात. जलकुंभी आणू नका, जांभळं फूल कितीही सुंदर दिसो. ती परदेशी आहे, टब व्यापून टाकेल आणि टाकून द्याल तेव्हा नाल्यातून नाग नदीत जाईल.

यंदाही पावसाळ्याआधी मी हायड्रिला काढणार आहे. ज्याला हवी असेल त्यानं जूनच्या पहिल्या रविवारी सकाळी यावं. पिशवी नको, झाकणाचा डबा आणा आणि मुलालाही आणा. आणि या वेळी दारात थांबू नका.